चित्रपट जपायचा कोणी?

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात ‘आलम आरा’ झळकला. भारतातला हा पहिला बोलपट! गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले. आज त्याची एक तरी फीत शिल्लक आहे का? नाही. त्या काळच्या फिती झटकन पेट घेत. शिवाय त्यांत चांदी असे. खेळ जुना झाला की लोक चांदी काढून घेत आणि उरलेले फेकून देत.

१९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले. तिथल्या पी. के. नायरांनी ठिकठिकाणी हिंडून फितींचे डबे गोळा केले. दादासाहेब फाळक्यांचा १९१९ सालचा ‘कालिया मर्दन’ आज पाहता येतो, तो कुणीतरी डबे जपले म्हणूनच.

तुम्ही म्हणाल, आता सगळे मोबाइलवर मिळते, मग तबकड्या कशाला? पण मंडळी, ते बिऱ्हाड भाड्याचे आहे. ‘अन्नपूरणी’ हा तमिळ चित्रपट डिसेंबर २०२३ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. तक्रारी झाल्या, आणि जानेवारी २०२४ मध्ये तो तिथून काढला गेला. नुसता करार संपला तरी चित्रपट असाच दिसेनासा होतो. घरातली डीव्हीडी मात्र दुरून कोणी पुसू शकत नाही.

तीही ऊन, ओल नि ओरखड्यांपासून जपावी लागतेच. तेव्हा गुरुजनहो, शाळेच्या कपाटात पुस्तकांशेजारी चार चांगल्या तबकड्या ठेवा. चित्रपट बरा की वाईट, हे मुलांनी ठरवायचे, तर तो आधी त्यांना पाहायला मिळायला नको का?