'नेपथ्य' : एका शब्दाचे स्थलांतर

मराठीत आज 'नेपथ्य' म्हटले की रंगमंचावरील भिंती, दारे-खिडक्या व सामान डोळ्यांपुढे उभे राहते. रंगभूषा व वेशभूषा ही निराळी खाती होत. हा अर्थविभाग मात्र प्राचीन नव्हे. अमरकोशात 'नेपथ्य' हा शब्द वेष व प्रसाधन यांच्या पर्यायांत येतो. संस्कृत नाटकांतील 'नेपथ्ये' ही रंगसूचना वेष करावयाच्या, पडद्यामागील जागेचा निर्देश करते. देहावरील साज, मग साज चढविण्याची जागा, आणि शेवटी पडद्याअलीकडील दृश्य, असे या शब्दाचे स्थलांतर झाले आहे. अल्पव्ययात लघुचित्रपट करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने त्याचा विचार करणे, हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

नाट्यशास्त्रात आहार्य अभिनयाच्या विवेचनात नेपथ्याचे चार प्रकार सांगितले आहेत : पुस्त, अलंकार, अंगरचना व संजीव. पर्वत, रथ, ढाल यांच्या प्रतिकृती म्हणजे पुस्त. देहास रंग लावणे ही अंगरचना. पांढरा, निळा, पिवळा व तांबडा या चार मूळ रंगांतून इतर रंग सिद्ध करावयाचे. प्रतिकृती चटई, वस्त्र, कातडे अशा हलक्या द्रव्यांच्या असाव्यात, कारण जड साजाने नट थकतो. भिंत आणि चेहरा येथे एकाच शास्त्राचा विषय आहेत, ही गोष्ट अभ्यासकांनी लक्षात घ्यावी.

मराठी माणसाच्या हातून चित्रपट जन्मास आला तेव्हा ही एकता पुन्हा प्रत्ययास आली. १९१३ साली प्रदर्शित झालेल्या 'राजा हरिश्चंद्र'साठी दादासाहेब फाळके यांनी लेखन-दिग्दर्शनाबरोबरच दृश्यरचना व रंगभूषाही सांभाळली. तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली. त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग जवळजवळ दिसत नसे. लाल ओठ काळे उमटत. चेहऱ्याचा रंग व भिंतीचा रंग एकाच कृष्णधवल पट्टीवर तोलणे त्यामुळे क्रमप्राप्त होते.

पुढे कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी रंगविलेल्या पडद्यांऐवजी घनाकार दृश्यबंध उभारले. त्यांच्या हाताखाली तयार झालेले फत्तेलाल १९२९ साली स्थापन झालेल्या प्रभातचे कलादिग्दर्शक झाले. भांडवल वाढले तशी श्रमविभागणी वाढली, आणि श्रमविभागणीबरोबर शब्दही वेगळे झाले, असे म्हणावयास हरकत नाही. पुण्यातील प्रभातच्याच वास्तूत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, आणि त्या जागी विद्यार्थी चित्रपट करू लागले.

विद्यार्थ्यांजवळ भांडवल नसते. म्हणून जुनी एकता त्यांच्याकडे आपोआप परत येते. परंतु ती बहुधा नाइलाज म्हणून येते, शास्त्र म्हणून नव्हे. कॅमेऱ्यासाठी पैसा जमविला जातो. भिंत व चेहरा यांची आठवण चित्रीकरणाच्या सकाळी होते. वस्तुतः कॅमेऱ्याच्या चौकटीत खोलीचा एकच कोपरा येतो, तेवढाच रचावा. पांढऱ्या भिंतीवर सावळा चेहरा काळवंडतो. अशा वेळी चेहऱ्यास पांढरे फासण्यापेक्षा भिंतीवर मळकट चादर टांगणे स्वस्त आणि प्रामाणिकही ठरते. दिव्याखाली कपाळ चकाकते, त्यास थोडी पावडर पुरते. चिकटविलेली दाढी दुसऱ्या दिवशी त्याच जागी बसावी, म्हणून पहिल्या दिवशीच छायाचित्र घेऊन ठेवावे. आणि रंग आरशात न पाहता, ज्या भिंगातून व ज्या उजेडात चित्रण व्हावयाचे, त्यांतूनच पारखावा.

यांपैकी प्रत्येक निर्णयात भिंतीचा विचार चेहऱ्यास आणि चेहऱ्याचा विचार भिंतीस जोडलेला आहे. जेथे ही दोन कामे दोन हातांत आहेत, तेथे ती एका दृष्टीत आणावी लागतात. जेथे हात एकच आहे, तेथे ती सोय अनायासे लाभते. 'नेपथ्य' या शब्दाने गमावलेला जुना अर्थ कोशात परत येईल असे नाही. कामात मात्र तो परत आणता येतो, आणि त्यास फारसा खर्चही पडत नाही.