ठासणीची शस्त्रे आणि आधुनिक प्रचालक दारू

नळीच्या तोंडातून प्रथम दारू व तिच्यावर गोळी किंवा गोळा घालून गजाने ठासून भरावयाच्या बंदुकांना व तोफांना ठासणीची शस्त्रे म्हणतात. तोड्याची बंदूक, चकमकीची बंदूक, जेजाला, जंबुरे आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या बहुतेक सर्व तोफा या प्रकारच्या होत्या. गोळी नळीबाहेर ढकलणाऱ्या दारूस प्रचालक दारू म्हणतात. सु. पाच शतके काळी दारू ही एकमेव प्रचालक दारू असल्याने ठासणीच्या शस्त्रांची घडण तिच्या गुणधर्मांना अनुसरूनच होत गेली. एकोणिसाव्या शतकात प्रथम गन कॉटन, नंतर मंदज्वलनी काळी दारू व शेवटी निर्धूम दारू पुढे आली, तेव्हा नव्या दारूचा दाब जुन्या घडणीच्या नळीस सुरक्षितपणे पेलता येईल काय, हा प्रश्न उपस्थित झाला. त्याच्या उत्तराचा शोध अनेक अपघातांतून व प्रयोगांतून पुढे सरकला.

काळी दारू व नळीची घडण : काळी दारू हे सोरा, कोळसा व गंधक यांचे मिश्रण असून त्यांचे नेहमीचे वजनी प्रमाण ७५ : १५ : १० असे असते. तिच्या ज्वलनातून वजनाच्या सु. ४३ टक्के वायू निर्माण होतात. उरलेला भाग धूर व काजळी यांच्या रूपाने बाहेर पडतो किंवा नळीत साचतो. साचलेल्या मळामुळे पुढील गोळी ठासणे कठीण होते, म्हणून गोळीचा व्यास नळीच्या व्यासापेक्षा थोडा कमी ठेवीत. या फटीतून काही वायू निसटून जाई आणि दाब आपोआप थोडा कमी होई. काळ्या दारूच्या कणांचा ज्वलनवेग भोवतालच्या दाबावर फारसा अवलंबून नसतो. त्यामुळे बार थोडा कमीअधिक झाला, तरी दाब एकदम भडकत नाही. मापाने दारू ओतून घेणाऱ्या शिपायाच्या किंवा शिकाऱ्याच्या हातून होणाऱ्या लहान चुका ही दारू बऱ्याच अंशी पोटात घालीत असे. ओतीव लोखंडाच्या वा कांस्याच्या, बुडाशी जाड व तोंडाशी निमुळत्या नळ्या तिला पुरेशा ठरत.

दाबाचे मापन : नळीत प्रत्यक्ष किती दाब निर्माण होतो, हे दीर्घकाळ कोणासही ठाऊक नव्हते. बेंजामिन रॉबिन्स (१७०७–५१) या इंग्रज गणितज्ञाने १७४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दोलकाच्या साह्याने गोळीचा वेग मोजण्याची पद्धत मांडली. परंतु नळीतील दाब मोजण्याचे साधन पुढे शतकभर उपलब्ध झाले नाही. तोफेत नेहमीपेक्षा मोठा बार भरून ती उडविणे, एवढीच तिची कसोटी असे. ही कसोटी किती अपुरी आहे, हे २८ फेब्रुवारी १८४४ रोजी अमेरिकेच्या ‘प्रिन्स्टन’ या युद्धनौकेवर दिसून आले. घडीव लोखंडाची ३०·५ सेंमी. व्यासाची ‘पीसमेकर’ ही ठासणीची तोफ पाहुण्यांसमोर उडविली जात असताना फुटली. परराष्ट्रमंत्री ॲबल अप्शर व नौदलमंत्री टॉमस गिल्मर यांच्यासह सहा जण त्यात मृत्यू पावले. चाचणीच्या वेळी याहून मोठे बार तिने सोसले होते. मोठ्या बारांच्या चाचण्यांनी नळीचे सामर्थ्य सिद्ध होण्याऐवजी ती आतून दुबळी होऊ शकते, हा धडा या घटनेने दिला.

यानंतर अमेरिकेत जॉन डालग्रेन (१८०९–७०) याने, जेथे दाब सर्वाधिक तेथे धातू सर्वाधिक, या तत्त्वावर बाटलीच्या आकाराच्या तोफा घडविल्या. टॉमस जॅक्सन रॉडमन (१८१५–७१) या सेनाधिकाऱ्याने प्रश्नाच्या दोन्ही बाजू हाताळल्या. तोफ पोकळ ओतून तिच्या गाभ्यात पाणी खेळविले असता आतला थर आधी घट्ट होतो आणि मागाहून थंड होणारे बाहेरचे थर त्यास आवळून धरतात, हे त्याने दाखविले. नळीतील वायूच्या दाबाने तांब्याच्या तुकड्यावर पाते रुतविणारे दाबमापक त्याने तयार केले. बारीक दाणे एकदम जळून सुरुवातीसच कमाल दाब निर्माण करतात, हे त्याच्या ध्यानात आले. म्हणून त्याने दारूचे मोठे, सच्छिद्र वड्यांसारखे तुकडे बनविले. ते जळत असता छिद्रे रुंदावतात, जळणारा पृष्ठभाग वाढत जातो आणि गोळा नळीतून पुढे सरकत असतानाही वायूचा पुरवठा चालू राहतो. ३८ सेंमी. व्यासाची व सु. २२ टन वजनाची त्याची ठासणीची तोफ १८६१ मध्ये मनरो किल्ल्यावर चाचणीस आली. शस्त्राला अनुरूप दारू घडविण्याची ही कल्पना पुढील सर्व प्रचालकांचा पाया ठरली.

मंदज्वलनी दारू व ठासणीच्या तोफांचा अस्त : ब्रिटनने १८६० नंतरच्या काही वर्षांत पाठीमागून भरावयाच्या आर्मस्ट्राँग तोफा बाजूला सारून पुन्हा ठासणीच्या, आटे पाडलेल्या तोफा स्वीकारल्या. पोलादाच्या आतील नळीवर घडीव लोखंडाची वेटोळी चढवून त्या बनवीत. अँड्रू नोबल (१८३१–१९१५) याने तांब्याचे लहान दंडगोल दाबले जाण्यावरून दाब ठरविणारे मापक प्रचारात आणले. त्याने व फ्रेडरिक आबेल (१८२७–१९०२) याने काळ्या दारूच्या ज्वलनासंबंधीचे आपले संशोधन १८७५ मध्ये प्रसिद्ध केले. गारगोट्यांएवढ्या दाण्यांची दारू, षट्‌कोनी सच्छिद्र वड्यांची दारू आणि १८८० नंतर तपकिरी दारू अशा क्रमाने मंदज्वलनी प्रकार वापरात आले. फटीतून निसटणारे तप्त वायू नळी खरवडून काढीत. त्यास आळा घालण्यासाठी गोळ्याच्या बुडाशी तांब्याची तबकडी बसवू लागले.

मंदज्वलनी दारूने दाब आटोक्यात आणला, परंतु तिचा पूर्ण लाभ घेण्यास नळी लांब असावी लागते. युद्धनौकेच्या बुरुजात लांब नळी मागे घेऊन तोंडाकडून भरणे अशक्य होऊ लागले. ‘इन्‌फ्लेक्सिबल’ या नौकेवर ८० टनी तोफांची तोंडे खाली झुकवून, डेकखालून जलदाबाच्या गजाने त्या भराव्या लागत. अशी यंत्रे आली, तसा तोफ भरणाऱ्याचा नळीशी असलेला हाताचा संबंध तुटला. २ जानेवारी १८७९ रोजी मार्माराच्या समुद्रात ‘थंडरर’ या नौकेवरील ३८ टनी तोफ फुटून ११ जण ठार झाले. बुरुजातील दोन तोफा एकदम उडविताना एकीचा बार झालाच नव्हता. ते कोणाच्या लक्षात आले नाही व तिच्यात दुसरा बार ठासला गेला. चौकशी समितीच्या या निष्कर्षाविषयी शंका घेतल्या गेल्या, तेव्हा जोडीची तोफ वुलिच येथे आणून तीत मुद्दाम दुहेरी बार भरण्यात आला. तीही तशीच फुटली. पाठीमागून भरावयाच्या तोफेत अशी चूक होऊ शकत नाही. लांब नळीची गरज व हा अपघात या दोहोंमुळे ब्रिटिश नौदलाने ठासणीच्या तोफांचा त्याग केला.

गन कॉटनचा प्रयोग : क्रिस्टिआन शनबाइन (१७९९–१८६८) याने १८४६ मध्ये नत्राम्ल व गंधकाम्ल यांच्या क्रियेने कापसापासून गन कॉटन (नायट्रोसेल्युलोज) तयार केल्याचे जाहीर केले. हा पदार्थ धूर न करता जळतो व मळ ठेवीत नाही, म्हणून ठासणीच्या शस्त्रांसाठी तो आदर्श वाटला. परंतु त्याचे ज्वलन अतिशय वेगवान असल्याने बंदुका फुटू लागल्या. १८४७ मध्ये इंग्लंडमधील फॅव्हर्शम येथील कारखान्याचाही स्फोट झाला. ऑस्ट्रियात विल्हेल्म फोन लेंक याने कापसाचे सूत व दोर वळून ज्वलनवेग आवरण्याची पद्धत काढली आणि गन कॉटनवर चालणाऱ्या मैदानी तोफा सिद्ध केल्या. नव्या प्रचालकासाठी तोफ घडविण्याचा हा पहिला मोठा शासकीय प्रयत्न होय. मात्र कापसाच्या तंतूंत अडकून राहिलेल्या अम्लामुळे साठा आपोआप विघटन पावे. १८६२ मध्ये झिमरिंग येथील कोठाराचा व १८६५ मध्ये आणखी एका कोठाराचा स्फोट झाल्यावर हा प्रयत्न सोडून देण्यात आला. तत्पूर्वीच १८६३ च्या नमुन्याच्या ऑस्ट्रियन तोफा काळ्या दारूकडे परतल्या होत्या. गन कॉटनचा लगदा करून तो धुतल्यास अम्ल निघून जाते, हे आबेलने १८६५ मध्ये दाखविले.

निर्धूम दारू : पॉल व्ह्येय (१८५४–१९३४) या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८८४ मध्ये नायट्रोसेल्युलोज ईथर व अल्कोहॉल यांत मळून त्याचा घट्ट लगदा केला व त्याच्या पातळ पट्ट्या कापून पहिली यशस्वी निर्धूम दारू बनविली. तंतुमय रचना नाहीशी झाल्याने हा पदार्थ पृष्ठभागापासून थराथराने जळतो. आल्फ्रेड नोबेलचे बॅलिस्टाइट (१८८७) व आबेल आणि जेम्स ड्यूअर यांचे कॉर्डाइट (१८८९) ही त्यापुढील पावले होत. समान वजनाच्या काळ्या दारूच्या सु. तिप्पट कार्य ही दारू करते. तिचा एक गुणधर्म मात्र काळ्या दारूच्या अगदी उलट आहे : दाब वाढला की तिचे ज्वलन अधिक वेगवान होते व त्यामुळे दाब आणखी वाढतो. म्हणूनच तिच्या बाबतीत बारातील लहानशी चूक मोठ्या संकटास कारण होते. आधुनिक रायफलीच्या कक्षात दर चौ. सेंमी.ला ३,००० किग्रॅ.हून अधिक दाब निर्माण होतो.

निर्धूम दारू आली तेव्हा सैन्यांतून ठासणीची शस्त्रे जवळजवळ नाहीशी झाली होती. संघर्ष उरला तो शिकाऱ्यांच्या जुन्या बंदुकांपुरता. शुल्टझच्या लाकडापासून बनविलेल्या दारूसारखे हलके प्रकार काळ्या दारूच्या मापानेच भरता येत. बॅलिस्टाइटसारखे घन प्रकार त्याच मापाने भरल्यास बंदूक फुटे. यावर उपाय म्हणून नळ्यांच्या शासनमान्य कसोट्यांत बदल करण्यात आला. ब्रिटनमध्ये १९०४ च्या नियमांनुसार निर्धूम दारूच्या कसोटीस उतरलेल्या नळीवर स्वतंत्र शिक्का उमटवू लागले. १९१४ मध्ये अशा कसोट्यांसाठी आंतरराष्ट्रीय मंडळ स्थापन झाले. भारतात खडकी येथे दारूगोळ्याचा कारखाना १८६९ मध्ये निघाला आणि निलगिरीतील अरुवनकाडू येथे विसाव्या शतकाच्या आरंभी कॉर्डाइटचे उत्पादन सुरू झाले. मात्र कोकणात व अन्यत्र पिकांच्या राखणीसाठी परवान्याने बाळगलेली ठासणीची बंदूक काळ्या दारूवरच चालत राहिली.

विसाव्या शतकातील पुनरुज्जीवन : अमेरिकेत १९३३ मध्ये ठासणीच्या बंदुकांच्या शौकिनांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. पुढे अनेक राज्यांनी या बंदुकांसाठी शिकारीचा वेगळा हंगाम राखून ठेवल्याने मागणी वाढली. काळ्या दारूची वाहतूक व साठवण धोक्याची असल्याने १९७६ मध्ये पायरोडेक्स हा पर्यायी प्रचालक विक्रीस आला. तो काळ्या दारूपेक्षा हलका असून तिच्याच मापाने भरता येतो व दाबही तिच्याइतकाच ठेवतो. म्हणजे येथे दारूच जुन्या नळीस जुळवून घेतली गेली. १९८५ मध्ये ठिणगी नळीच्या अक्षातूनच दारूला देणारी नव्या घडणीची बंदूक बाजारात आली. याच्या उलट दिशेने, २००० च्या सुमारास, बोल्ट रायफलीच्या सांगाड्यावर आधारलेली व निर्धूम दारूसाठीच बनविलेली ‘सॅव्हेज १० एमएल’ ही ठासणीची बंदूक विक्रीस आली. येथे नळी नव्या दारूस जुळविली गेली.

घडणीची तत्त्वे : अशा बंदुकीत पुढील गोष्टी आवश्यक ठरतात : आधुनिक रायफलीच्या दर्जाचे मिश्र पोलाद, नळीचे बूड बंद करणारा व खोल आट्यांनी बसविलेला गुडदा, ठिणगी आत नेणारे पण वायू मागे येऊ न देणारे अतिशय अरुंद छिद्र, आणि प्रज्वलक टोपीस मागून भक्कम आधार देणारा बोल्ट. जुन्या बंदुकीत कानातून वायू बाहेर पडत असे. येथे कान हाच सर्वांत दुबळा भाग ठरतो. छिद्र तप्त वायूंनी झिजत जाते, म्हणून ते बदलता येण्याजोग्या तुकड्यात ठेवतात. फट न ठेवता गोळीस प्लॅस्टिकचे वेष्टन घालतात. गोळी दारूवर टेकेपर्यंत ठासणे अत्यावश्यक असते. दोहोंत पोकळी राहिल्यास दाब अनियमित होतो.

तथापि एक मर्यादा कोणत्याही घडणीने दूर होत नाही. काडतुसाच्या आकारानेच बाराला सीमा पडते. ठासणीच्या नळीत अशी सीमा नसते. चुकून दुहेरी बार भरला गेला, तर ‘थंडरर’ वर घडले तेच पुन्हा घडू शकते. ते टाळण्याचा उपाय गजावरील खूण पाहून नळी रिकामी आहे की भरलेली, हे दर वेळी तपासणे हाच आहे. ज्या नळीवर निर्मात्याने निर्धूम दारूस स्पष्ट अनुमती दिलेली नाही, तीत ती अत्यल्प मात्रेतही वापरणे प्राणघातक ठरू शकते. अमेरिकेतील काही राज्यांनी ठासणीच्या हंगामात निर्धूम दारू वर्ज्य केली आहे. इतरत्र ठासणीच्या बहुसंख्य बंदुका आजही काळ्या दारूवर किंवा तिच्या पर्यायांवरच चालतात.