रडू नको, गोळी घे

आजचा एपिसोड नामपूरचा, मोसम नदीकाठचा, आणि थोडा माझ्या घरचा.

काका गेले तेव्हा काकू दोन दिवस सारखी रडत होती. तिसऱ्या दिवशी कुणीतरी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी इंजेक्शन दिलं, झोपेची गोळी लिहून दिली. बायका दारावर आल्या, गळ्यात पडून रडल्या, पण काकू गुंगीत बसलेली. ती गोळी पुढे चार वर्षं चालली. मेडिकलवाल्याने विचारलं नाही, आणि आम्हीही नाही.

शोकावर गोळी, हे आलं कुठून? 1917 साली फ्रॉइडने लिहिलं होतं की शोक हा आजार नाही, त्यासाठी डॉक्टरकडे पाठवायचं आपल्या मनातही येत नाही. मग 1963 मध्ये अमेरिकेत डायझेपाम आलं आणि मन शांत करणारी गोळी घराघरात पोचली. 1980 च्या अमेरिकन मनोविकार यादीत तरी शोकाला सूट होती: जवळचं माणूस नुकतंच गेलं असेल, तर लगेच नैराश्याचा शिक्का मारू नका. 2013 मध्ये ती सूट काढली. मोठा वाद झाला. आणि त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की मानसिक आजार नसेल, तर फक्त शोकासाठी डायझेपामच्या जातीच्या गोळ्या देऊ नका. सवय लागते ना!

मग आपल्याकडे का देतात? देशात लाख माणसांमागे एक मानसोपचारतज्ज्ञ भरत नाही. राज्यातली जुनी सरकारी मनोरुग्णालयं चार: ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी. नाशिक त्यात नाही. गावच्या डॉक्टरपुढे रांग असते. ऐकून घ्यायला वेळ नाही, चिठ्ठी मात्र एका मिनिटात होते. आणि घरच्यांनाही रडणं थांबायलाच हवं असतं.

खरं तर आपल्याकडे सोय होती. शेजारून येणारा कडू घास, दहा दिवस भरलेलं घर, तीच तीच गोष्ट पुन्हा ऐकणारी माणसं.

पण एक लक्षात ठेवा. जगावंसंच वाटत नसेल, किंवा वर्ष उलटूनही माणूस सावरत नसेल, तर मदत घ्याच. टेली-मानस, 14416, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आणि चालू गोळी मनाने एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा.

काकूची गोळी सुटायला पाच महिने लागले. त्यानंतर एका संध्याकाळी तिने काकांचा फोटो पुसला आणि पोटभर रडली. आम्ही कुणी तिला गप्प केलं नाही.

भेटू पुढच्या भागात.