ऐन वेळेचा 'ऐन'

आमच्या आत्याच्या मुलाला कुवेतमध्ये फिटरची नोकरी लागली ती १९८८ साली, आणि त्या दिवसापासून कळमेश्वरातल्या आमच्या वाड्यात अरबी भाषा सुरू झाली. सुरू झाली ती थेट न्हाणीघरापासून. त्यानं सीताबर्डीवरून 'झटपट अरबी' छापाचं एक पुस्तक आणलं होतं. त्यातलं पहिलं वाक्य होतं, 'ऐनल हम्माम?' म्हणजे, न्हाणीघर कुठे आहे? ज्या माणसाला सकाळी हाका मारमारून न्हाणीघरात ढकलावं लागे, तो आता दिवसातून वीसदा न्हाणीघराची चौकशी करू लागला.

"पोट्ट्याचं पोट बिघडलं काय रे?" आत्यानं मला हळूच विचारलं.

मी तेव्हा महसुली कागदांत मान घालून बसणारा कारकून. मोडीही थोडीफार वाचत असे. त्यामुळे घरात मी विद्वान. म्हणून पुस्तक तपासणीला माझ्याकडे आलं. 'ऐन' वाचून मी ठणकावून सांगितलं, "हा तर आपलाच शब्द! ऐन वेळी, ऐन दिवाळीत, ऐनजिनसी वसूल." विद्वत्ता दोन दिवस टिकली. मग कळलं, की आपला 'ऐन' अरबीतूनच आलेला असला तरी तो निराळा. त्याचा मूळ अर्थ डोळा. डोळ्यावरून नेमकेपणा, खुद्दपणा असे अर्थ फुटत गेले आणि तो आपल्याकडे ऐन वेळी येऊन बसला. 'कुठे' म्हणणारा 'ऐन' वेगळा. अरब माणूस दोन्हींचा उच्चार वेगळा करतो. डोळ्याचा ऐन तो घशाच्या अशा तळातून काढतो, की ऐकणाऱ्यानं पाणी आणायला धावावं. आपल्या देवनागरीत दोघांचे कपडे एकच.

तेवढ्यात सुट्टीवर आलेला एक मेकॅनिक भेटला. तो म्हणाला, "पुस्तक ठेवा फडताळात. तिकडे ऐन-बिन कोणी म्हणत नाही. 'वेन' म्हणतात." हे खरंच होतं. 'ऐन' लिहिण्या-वाचण्यातला, भाषणातला. आखातातल्या रस्त्यावर 'वेन', इजिप्तमध्ये 'फेन', आणि इजिप्तचा माणूस तो वाक्याच्या शेवटी टाकतो. मला यात परकं काही वाटलं नाही. शाळेतल्या पुस्तकात आम्ही 'कोठे' वाचलं, पुण्याचे पाहुणे 'कुठे' म्हणत आले, आणि घरात उभा जन्म 'कुठी चालला बे?' यात गेला. शिवाय अरबीत वर्तमानकाळी 'आहे' म्हणावंच लागत नाही. 'वेन' म्हणायचं, पुढे वस्तू ठेवायची, झालं. दोस्ताला नुसतं 'वेनक?' म्हटलं की 'तू कुठे आहेस?' होतं आणि 'इतके दिवस कुठी मरून राहिला होता?' हेही त्यात येतं.

निघायच्या आदल्या रात्री त्यानं आईला दोनच शब्द शिकवले. कंपनीचा फोन एक अरब पहारेकरी उचलतो, असं त्याला कळलं होतं. तेव्हा नागपूरला टेलिफोन ऑफिसात जाऊन फोन जोडून घ्यायचा आणि म्हणायचं, 'वेन वलदी?' माझा मुलगा कुठे आहे?

"वलदी म्हंजे वल्द का?" आत्यानं विचारलं.

मी चाट पडलो. आत्या चौथीपर्यंत शिकलेली. पण तिच्या तीन एकर संत्र्याच्या वावराच्या जुन्या कागदावर मामांचं नाव 'अमुक वल्द तमुक' असं होतं, आणि भाऊबंदकीपायी तो कागद तिला तोंडपाठ होता. वल्द म्हणजे पुत्र. निव्वळ अरबी.

त्या रात्री मला झोप लागेना. पाकिटावर पत्ता लिहायला बसलो आणि पत्त्यातच अडकलो. मु. पो. कळमेश्वर, जि. नागपूर. मुक्काम अरबी: उभं राहण्याची जागा. पोस्ट विलायती. जिल्हा अरबी, आणि त्याचा मूळ अर्थ बरगडी, बाजू! तालुका म्हणजे लागून असलेलं, लटकलेलं. आमच्या भागात तहसील म्हणतात, त्याचा अर्थ वसुली. मौजे म्हणजे जागा. कसबा, महाल, इलाखा, मोहल्ला, हद्द, वतन, सगळी तिकडचीच मंडळी. 'कुठे?' हा प्रश्न तेवढा आपण घरचा ठेवला आणि उत्तरं सगळी अरबांकडून आणली.

खरं म्हणजे अरबांकडून थेट नव्हे. ती आली फारसीच्या बैलगाडीत बसून. १३४७ साली बहमनी राज्य झालं, मग निजामशाही, आदिलशाही. दफ्तर फारसी वळणाचं, आणि फारसीच्या पोटात अरबी ठासून भरलेली. आमच्याकडे देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद, ज्यानं १७०२ च्या सुमाराला नागपूर वसवलं, त्याचं नावच फारसी. राजे बदलले तरी वसुली करायची ती कोणत्या शब्दांत हे कारकुनानंच ठरवलं. (हे मी अभिमानानं लिहीत नाही, पण अगदी खेदानंही नाही.) शिवाजी महाराजांनी मात्र यावर इलाज केला. राज्याभिषेकानंतर रघुनाथ पंडितांच्या देखरेखीखाली राज्यव्यवहारकोश झाला, यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य. पण पुढे शतकभर नांदली ती पेशवाईच. 'पंतप्रधानाई' कोणाच्या तोंडी बसली नाही. १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं (खालसा, हाही अरबीच), पण शब्द जागच्या जागी राहिले.

तिकडून पत्रं येऊ लागली. एका पत्रात होतं, की इथे संत्र्याला 'बुर्तुकाल' म्हणतात, म्हणजे पोर्तुगाल. वाडा खवळला. आमच्या फळाला पोर्तुगालचा पत्ता! आपला नारंग इराणात गेला, अरबांकडे 'नारंज' झाला, स्पेनमधून युरोपभर फिरला. पण तो आंबट-कडू जातीचा. गोड जात पोर्तुगिजांनी पश्चिमेकडे नेली, म्हणून अरबांनी तिला त्यांचंच नाव दिलं. आत्यानं निकाल दिला, "ज्यानं आणून देलं, त्याचं नाव. फळाले काय समजते?"

आणि २ ऑगस्ट १९९० ला इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं.

कुवेतात तेव्हा दीड लाखावर भारतीय होते. पत्रं थांबली. फोन लागेना. आत्या दर दोन दिवसांनी मला घेऊन नागपूरला जायची. नंबर फिरवला जायचा, आणि रिसीव्हरमध्ये नुसती घरघर. ऑपरेटर मान हलवायचा. आत्या तरीही रिसीव्हर हातात घ्यायची आणि त्या घरघरीला स्वच्छ आवाजात विचारायची, "वेन वलदी?" थोडा वेळ थांबायची. मग पुन्हा. मागे रांगेतली माणसं घड्याळं बघायची. एकदाही कोणी बोललं नाही. परतीच्या एस्टीत ती माझ्या हातावर दोन मोठ्या फोडी ठेवी आणि खिडकीबाहेर बघत बसे.

वर्तमानपत्रांत येत होतं, की माणसं बगदादवरून वाळवंट तुडवत जॉर्डनमध्ये अम्मानला पोचताहेत आणि तिथून एअर इंडियाची विमानं त्यांना मुंबईला आणताहेत. दोन महिन्यांत जवळजवळ पाचशे फेऱ्या झाल्या, लाखावर माणसं आली. आम्ही रोज पेपर उलटासुलटा करून बघायचो, जणू खाली कोपऱ्यात त्याचं नाव छापलेलं असणार.

सप्टेंबरच्या एका दुपारी दारात एक दाढीवाला माणूस उभा राहिला. हातात प्लास्टिकची एक पिशवी. आत्या संत्र्याच्या वावरातून नुकतीच आली होती, पाय धूत होती. तिनं मान वर केली. दोन वर्षं घोकलेले दोन्ही शब्द तिला आठवले नाहीत.

"अठीच हावो माय," तो म्हणाला.

बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग आत्यानं डोळे पुसले, त्याच्या पिशवीत वाकून पाहिलं आणि आवाज चढवला, "काऊन बे, मी देलेला पितळी डबा कुठी हाय?"