शाळेची वाट : चढ, ओढा आणि महामार्ग

शाळा किती दूर आहे, हे शासन किलोमीटरमध्ये मोजते. रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर तालुक्यांत मात्र हे अंतर वाटेतील चढ, ओढे आणि रस्ते यांवरून ठरते.

महाराष्ट्राच्या २०११ च्या शिक्षण हक्क नियमांनुसार वस्तीपासून पहिली ते पाचवीची शाळा एक, तर सहावी ते आठवीची शाळा तीन किलोमीटरच्या आत असावी, अशी अपेक्षा आहे. सपाटीवर एवढे अंतर मुले सहज चालतात. डोंगरउतारावरील ठाकूर व कातकरी वाड्यांच्या पायवाटा मात्र पावसाळ्यात निसरड्या होतात आणि ओढ्याला पाणी चढले की बंद पडतात. तेथे सायकलही निरुपयोगी ठरते. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळलेल्या खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीला वाहनाचा रस्ताच नव्हता. बचाव पथकांनाही डोंगर पायी चढावा लागला. त्या रात्री आश्रमशाळेच्या वसतिगृहात असलेली वाडीतील मुले बचावली.

सखल भागातील अडथळा वेगळा आहे. जुना मुंबई-पुणे महामार्ग व द्रुतगती मार्ग खालापूर तालुक्यातून जातात. द्रुतगती मार्गावर पादचारी आणि सायकलस्वारांना मनाई आहे, तर जुन्या महामार्गावर अवजड वाहनांची वर्दळ असते. कर्जत तालुक्यातील माथेरानमध्ये मोटारींना बंदी असल्याने मुलांना लांबची पायपीट करावी लागे. डिसेंबर २०२२ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर आलेल्या ई-रिक्षांचा विद्यार्थ्यांनाही उपयोग झाला.

खरी कसोटी आठवीनंतर लागते. शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण चौदाव्या वर्षापर्यंतच आहे आणि माध्यमिक शाळा बहुधा मोठ्या गावात असते. अहिल्याबाई होळकर योजनेखाली ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा प्रवास मोफत आहे. परंतु गाडी वाडीजवळ येत नसेल, किंवा शाळेच्या वेळेत नसेल, तर पास हाती असूनही मुलगी घरीच राहते. बिहारने २००६ साली नववीच्या मुलींसाठी सायकल योजना सुरू केली आणि नववीत प्रवेश घेणाऱ्या मुलींचे प्रमाण लक्षणीय वाढले. शाळा दूर असलेल्या गावांत हा परिणाम अधिक दिसला. मात्र तो प्रदेश बव्हंशी सपाट आहे.

कर्जत-खालापूरच्या वाड्यांना सायकलीआधी ओढ्यावर साकव हवा, महामार्गाच्या कडेला पदपथ हवा आणि शाळेच्या घंटेशी जुळणारी एस.टी. हवी.