गुत्त्याचा परवाना आणि गावाचे मत

धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यात सास्तूर हे गाव आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे झालेल्या भूकंपाने ज्या गावांची धूळधाण केली, त्यांपैकी ते एक होय. अशा कोणत्याही गावी पाणी पुरविणे, दिवाबत्ती करणे, रस्ते स्वच्छ राखणे ही कामे ग्रामपंचायतीकडे असतात. परंतु गावात दारूचे दुकान असावे की नसावे, हे कोणी ठरवावयाचे? हा प्रश्न नवा नव्हे. पुणे शहराच्या नगरपालिकेपुढे तो 1880 सालीच येऊन ठेपला होता.

पुण्याची नगरपालिका 1857 साली स्थापन झाली. आरंभी तिचे सभासद लोकांनी निवडलेले नसत. सरकार त्यांची नेमणूक करी. साहजिकच साहेबाची मर्जी पाहून मान डोलावणारे सभासद पुष्कळ असत. 1876 साली जोतीराव फुले ह्यांची सभासद म्हणून नेमणूक झाली. जोतीराव समाजसुधारक म्हणून सर्वांस ठाऊक आहेत. परंतु ते बांधकामाचे ठेकेदारही होते. खडकवासल्याच्या धरणासारख्या कामांशी त्यांचा संबंध आला होता. सार्वजनिक कामात पैसा कोठून येतो आणि कोणाच्या घामाने काम उभे राहते, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले होते.

जुलै 1880 मध्ये त्यांनी नगरपालिकेच्या व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष प्लंकेट ह्यांस एक पत्र लिहिले. शहरात दारूची दुकाने वाढत चालली होती. पत्रातील विचार सरळ होता. नगरपालिका नागरिकांच्या आरोग्यासाठी पैसा खर्च करते. मग हमरस्त्यांवर उघडलेल्या ज्या गुत्त्यांपायी संसारच्या संसार धुळीस मिळतात, त्यांकडे तिने डोळेझाक का करावी? निदान त्यांवर कर तरी बसवावा, अशी त्यांची सूचना होती.

ह्या सूचनेचे मर्म कळण्यास त्या काळची व्यवस्था ध्यानी घेतली पाहिजे. मुंबई इलाख्यात 1878 साली अबकारीचा कायदा झाला होता. परवाने देणे सरकारी अधिकाऱ्यांच्या हाती, आणि परवान्याचे उत्पन्न सरकारी खजिन्यात. गुत्त्यामुळे येणारी अस्वच्छता, आजार आणि दारिद्र्य मात्र शहराच्या पदरी. सारांश, नफा एकाचा आणि निस्तरणे दुसऱ्याचे, असा हा हिशेब होता. जोतीरावांनी बोट ठेवले ते नेमके ह्या विसंगतीवर.

पैशाविषयी हीच दृष्टी त्यांनी इतरत्रही ठेविली. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन ह्यांच्या स्वागताप्रीत्यर्थ 1000 रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा 32 सभासदांपैकी एकट्या जोतीरावांनी विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावावा, असे त्यांचे म्हणणे होते. शनिवारवाड्यापुढील उघड्या मैदानात भरणारा भाजीबाजार हलवून शुक्रवार पेठेत भव्य मंडई बांधण्याची योजना निघाली, तिलाही त्यांनी ह्याच कारणास्तव विरोध केला. मंडई झालीच. 1886 साली ती उघडली व तिला गव्हर्नर लॉर्ड रे ह्यांचे नाव मिळाले. मंडई शहरास उपयोगी पडली हेही खरे. ह्या बाबतीत दोन्ही पक्षांस काही बाजू होती. पुढे स्वातंत्र्यापूर्वीच, आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना, तिला नवे नाव देण्यात आले, ते महात्मा फुले ह्यांचेच! ज्याने विरोध केला त्याच्याच नावाने आज पुणेकर तेथे भाजी घेतात.

1882 साली लॉर्ड रिपन ह्यांनी स्थानिक स्वराज्याचा ठराव केला, आणि 1883 पासून पुण्यात निवडणुकीस प्रारंभ झाला. सभासद लोकांचे झाले. पण गुत्त्याच्या परवान्याची किल्ली सरकारपाशीच राहिली. स्वातंत्र्यानंतर 1949 साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला. तरी परवान्याने विक्री पुढे चालूच राहिली. अखेरीस 2008 सालच्या शासकीय आदेशाने महाराष्ट्रात लोकमताला ठोस वाट करून दिली. गावातील अथवा प्रभागातील एकचतुर्थांश स्त्री-मतदारांनी किंवा एकूण मतदारांनी मागणी केल्यास दुकान बंद करण्यासाठी गुप्त मतदान घेता येते. मतपत्रिकेवर दोन चित्रे: उभी बाटली म्हणजे दुकान राहावे, आडवी बाटली म्हणजे बंद व्हावे. अट मात्र कडक आहे. नुसत्या झालेल्या मतांत बहुमत पुरत नाही. नोंदलेल्या मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांनी बाटली आडवी करावी लागते. म्हणजे जी बाई त्या दिवशी शेतावर राहिली, तिचे न दिलेले मत दुकानदाराच्याच पदरात पडते.

सास्तूरचा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. इंग्रजी अमलातील पुण्याच्या नगरपालिकेशी त्याचा संबंध नव्हता. तथापि जो प्रश्न एका नेमलेल्या सभासदाने पत्र लिहून विचारला, त्याचे उत्तर देण्याचा अधिकार आज तेथील सामान्य स्त्रीच्याही हाती आला आहे. जोतीरावांस दारिद्र्याचा धनी आणि परवान्याचा धनी वेगळे दिसले होते. ते अंतर कायद्याने कमी केले. पण ते पुरते मिटावयाचे तर मतदानाच्या दिवशी घरातून पाऊल बाहेर पडले पाहिजे.