बाळगोळी आणि पाळणाघर

सोलापुरांतील ‘जुनी मिल’ १८७७ सालीं चालू झाली, आणि पुढील तीसएक वर्षांत लक्ष्मी, नरसिंगगिरजी, विष्णु अशा गिरण्यांचे भोंगे शहरांत एकामागून एक वाजूं लागले. भोंग्याबरोबर घर सोडणाऱ्यांत बायाहि पुष्कळ होत्या. त्यांच्या तान्ह्या मुलांचें दिवसभर काय होतें, हा प्रश्न मात्र फार काळ कोणीं विचारला नाहीं.

गिरणीवाल्या आयांनीं त्याचें उत्तर आपल्यापुरतें शोधलें होतें. अफूची ‘बाळगोळी’ दिली कीं मूल गुंगून पडे. मुंबईच्या गिरणकामगार स्त्रियांसंबंधीं डॉ. बार्न्स ह्या डॉक्टरीणबाईंचा अहवाल १९२२ सालीं ‘लेबर गॅझेट’मध्यें प्रसिद्ध झाला, ह्या स्त्रियांच्या शंभरांपैकीं ९८ मुलांना अफू दिली जाते, असें त्यांत नमूद आहे. ह्यावरून आयांना निर्दय ठरविणारे पुष्कळ निघाले. पण स्त्रीला दिवसाकाठीं ११ तास राबविण्याची मुभा तेव्हांचा कायदाच देत होता, हें त्यांच्या ध्यानांत नसावें!

अफूनें मुलाची भूक मरते, कोठा धरतो, श्वास मंदावतो. मात्रा किंचित् अधिक झाली तर तें पुन्हा जागें होत नाहीं. एकदम बंद करावी तर जांभया, शिंका, जुलाब, ओकाऱ्या आणि न थांबणारें रडणें. म्हणून लागलेली सवय पायरीपायरीनें उतरवावी लागते. मुंबईप्रमाणें सोलापूरच्या कांहीं गिरण्यांतहि पाळणाघरें निघालीं, तेव्हां परिचारिकेपुढें हें काम होतें. सकाळीं मूल हातीं घेतांना घरीं किती गोळी दिली हें तिला कळणें अवश्य. आणि रागें भरणाऱ्या बाईला कोणती आई खरें सांगणार?

व्हिटले कमिशननें १९३१ सालीं पाळणाघरांची शिफारस केली. ५० हून अधिक बाया असलेल्या कारखान्यांवर तीं लादण्याचा अधिकार १९३४ च्या कायद्यानें प्रांतिक सरकारांना दिला. १९४८ च्या कायद्यानें तीं देशभर सक्तीचीं झालीं. औषधाखेरीज अफू खाण्यास १९५९ सालीं बंदी आली.

आज अफूजन्य द्रव्यें टोचून घेणाऱ्यांना सरकारी केंद्रांत बुप्रेनॉर्फिनची गोळी मिळते. परिचारिका ती आपल्यादेखत जिभेखालीं विरघळूं देते. त्याआधीं ती डोळ्यांच्या बाहुल्या पाहते, गुंगी आहे काय हें पाहते, आणि आवाज न चढवितां विचारते, काल आणखी कांहीं घेतलें होतें का?